दुसरा पाय काढा

१

अश्लेषा खांबेटेचा दिवस वजनकाट्यावर सुरू व्हायचा. उठायचं, तोंड धुवायचं, न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून ठेवलेला काचेचा काटा पायानं पुढे ओढायचा, केसातला चाप काढून खिडकीत ठेवायचा आणि श्वास रोखून वर उभं राहायचं. आकडा थांबला की आतल्या खोलीतून श्रीयश ओरडायचा, "किती गं ताई?" ती आकडा सांगायची. मग आई गॅसवर चहाचं आधण ठेवायची.

हे काही हौसेनं चाललेलं नव्हतं. श्रीयश तिचा धाकटा भाऊ. चाळिशी यायच्या आत त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा त्याला लोणावळ्याहून तळेगावला डायलिसिससाठी न्यावं लागे. वडील केव्हाच गेले होते. आईला, इंदिराबाईंना, मधुमेह. त्यांची किडनी घेता येणार नव्हती. श्रीयशचं लग्न झालेलं नव्हतं आणि अश्लेषाचं झालेलं मोडलं होतं. म्हणजे देणारी एकटी तीच उरली. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्या जुळल्या आणि पुण्याच्या डॉक्टरीणबाई एकाच गोष्टीवर अडल्या.

"तुमचं वजन एक्क्याण्णव आहे. या वजनावर आम्ही तुमची किडनी काढणार नाही, तुमच्याच जिवाला धोका आहे. पंच्याहत्तरच्या खाली या, मग तारीख ठरवू."

अश्लेषा शाळेत गणित शिकवायची. सोळा किलो म्हणजे तिला एक उदाहरण वाटलं. सोडवलं की सुटणारं. तिनं साखर सोडली, भात सोडला, शाळेच्या स्टाफरूममधले वाढदिवसाचे वडे सोडले. पहाटे उठून तुंगार्लीच्या धरणापर्यंत चढ चढून जाऊ लागली. पहिल्या महिन्यात गुडघे सुजले, दुसऱ्या महिन्यात श्वास पुरू लागला. गणपतीत ती सत्त्याऐंशीवर होती, दसऱ्याला त्र्याऐंशीवर. दिवाळीच्या फराळाला तिनं हात लावला नाही. तुळशीचं लग्न झालं त्या सुमारास काटा अठ्ठ्याहत्तर पॉइंट सहावर आला.

आणि तिथंच थांबला.

२

आहारतज्ज्ञ मुलगी फोनवर हसली. "मॅडम, याला प्लॅटो म्हणतात. प्रत्येकाला येतो. शरीराला कमी खाण्याची सवय होते, मग ते कमीत भागवायला शिकतं. घाबरू नका आणि उपाशी तर मुळीच राहू नका. व्यायाम बदला. थोडी वजनं उचला. झोप वाढवा. आणि रोज काट्यावर चढू नका, कंबर मोजा."

तिचं ऐकून अश्लेषानं सगळं केलं. नुसत्या चालण्याऐवजी पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेऊन दंडाचे व्यायाम केले. ताटात मुगाची धिरडी, उसळी आल्या. कंबर मोजली तर ती खरंच उतरत होती. सलवारींच्या नाड्या आवळाव्या लागल्या. दंडावरचं लोंबणारं मांस गेलं. शाळेत बायका विचारू लागल्या, काय करतेस गं?

काट्यावर मात्र अठ्ठ्याहत्तर पॉइंट सहा.

"म्हणजे चरबी जाते आहे आणि स्नायू वाढतायत," आहारतज्ज्ञ म्हणाली. "चांगलं आहे की."

चांगलं असेलही. पण पुण्याच्या डॉक्टरीणबाईंना आकडा हवा होता, आणि श्रीयशला वेळ नव्हता. त्याचा चेहरा मातकट झाला होता. हातातल्या नसेवर, जिथं दर वेळी जाड सुया टोचत, तिथं लिंबाएवढाली टेंगळं आली होती. सकाळी तो अजून विचारायचा, "किती गं ताई?" आणि ती "तेवढंच" म्हणाली की दुसऱ्याच कशाबद्दल बोलायला लागायचा.

घरकामाला येणारी नंदाबाई वडिवळ्याची. एकदा कपडे वाळत घालताना अश्लेषाचा कुडता हातात धरून ती उभी राहिली. "ताई, ह्यो तुमचाच व्हय? लय वाळलात तुमी. आता बास करा की."

"वजन कुठं कमी होतंय, नंदाबाई?"

नंदाबाईनं तिच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि कुडता दोरीवर टाकला.

३

पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

नेहमीसारखी ती काट्यावर चढली, आकडा पाहिला, वैतागून खाली उतरली आणि खिडकीतला चाप घ्यायला वळली. वळता वळता तिची नजर काट्यावर गेली. एरवी माणूस उतरलं की आकडा लगेच शून्य व्हायचा. त्या दिवशी तिथं दोन पॉइंट एक दिसत होतं. ती बघत राहिली. एक श्वास आत घेऊन बाहेर सोडावा इतका वेळ तो आकडा तसाच राहिला, मग शून्य झालं.

सेल उतरला असणार. तिनं बाजारातून नवा सेल आणून घातला. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर दोन पॉइंट चार दिसलं, मग शून्य.

काच ओली असेल म्हणून तिनं ती पुसून पाहिली. काटा न्हाणीघरातून उचलून बाहेरच्या खोलीत, सपाट फरशीवर नेऊन ठेवला. मग तो काटा नंदाबाईला देऊन टाकला आणि नवा आणला. नवीन काट्यानंही तिला अठ्ठ्याहत्तर पॉइंट सहाच दाखवलं आणि ती उतरल्यावर तोही रेंगाळला. आईला तिनं मुद्दाम त्याच्यावर चढवलं. पंचेचाळीस. आई उतरली, आकडा पटकन शून्य झाला. श्रीयशचंही तसंच.

अश्लेषाच्या पाठोपाठच काटा रेंगाळत होता आणि रेंगाळणारा आकडा वाढत होता. तीन. पाच. सहा पॉइंट दोन.

अठ्ठ्याहत्तर पॉइंट सहा वजा सहा पॉइंट दोन. सातवीच्या पोरानं तोंडी करावी अशी वजाबाकी. उत्तर पंच्याहत्तरच्या खाली येत होतं, एवढं तिच्या लक्षात आलं आणि पुढं तिनं हिशेब केला नाही. आपण थकलोय, तिनं स्वतःला सांगितलं. थकलेल्या माणसाला आकड्यांत काहीही दिसतं.

४

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर होतं आणि जिना जुना, लाकडी. एका संध्याकाळी शाळेतून येऊन ती दारात चपला काढत होती, तर आईनं आतून विचारलं, "कोण आलंय गं बरोबर?"

"कुणी नाही. का?"

"काही नाही. तू थांबलीस त्यानंतर आणखी एक पाऊल वाजलं."

"लाकूड आहे आई, वाजतं."

"हो," आई म्हणाली. "गेले बरेच दिवस वाजतंय."

तळेगावला जायला श्रीपतीची गाडी ठरलेली होती. श्रीपती कामशेतकडचा, पन्नाशीचा, अघळपघळ बोलणारा. श्रीयशला पुढच्या सीटवर बसवायचा आणि अश्लेषा मागे बसायची. कार्ला फाटा मागं पडल्यावर श्रीपतीनं आरशातून पाहिलं.

"ताई, जरा मधी सरकून बसा. गाडी एका अंगाला ओढतीय."

अश्लेषा डाव्या दाराशी बसली होती. ती मधोमध सरकली. थोडं अंतर गेल्यावर श्रीपतीनं गाडी कडेला घेतली, उतरून चाकं पाहिली, उजव्या बाजूच्या मागच्या चाकाला लाथ मारली आणि परत येऊन बसला.

"हवा तर बराबर हाय," तो म्हणाला. "उजव्या अंगालाच ओढतीय."

अश्लेषाच्या उजव्या हाताला रिकामी सीट होती. तिनं आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

डायलिसिसच्या केंद्रात आधी पेशंटचं वजन करत, मशीन किती पाणी ओढणार ते त्यावरून ठरे आणि झाल्यावर परत वजन. तिथला काटा मोठा होता, पायाखाली लोखंडी पाट आणि आकडा भिंतीवर. ओंकार नावाचा तिथला टेक्निशियन श्रीयशला दादा म्हणायचा आणि सुई टोचताना क्रिकेटबद्दल बोलायचा. श्रीयशला मशीन लावून झाल्यावर अश्लेषा त्याला म्हणाली, "माझं बघू का वजन? घरचा काटा जरा चुकतोय असं वाटतं."

"बघा ना मॅडम. आमचा मागच्याच महिन्यात तपासून घेतलाय."

ती चढली. अठ्ठ्याहत्तर पॉइंट सहा. ती उतरली. ओंकार भिंतीवरच्या आकड्याकडे बघत होता.

"मॅडम, दुसरा पाय काढा."

"काढला."

"नाही, टेकलाय कुठंतरी. नऊ पॉइंट आठ दाखवतोय." असं म्हणत त्यानं खाली पाहिलं. अश्लेषाची दोन्ही पावलं फरशीवर, पाटापासून चांगली हातभर लांब होती. दोघांनी एकदमच वर पाहिलं, तेव्हा भिंतीवर शून्य आलं.

ओंकार हसला. "सेन्सर असेल." मग कोपऱ्यातलं फडकं घेऊन त्यानं तो लोखंडी पाट पुसला. पाट कोरडा आणि स्वच्छ होता, तरी त्यानं दोनदा पुसला.

५

जानेवारीपर्यंत तिच्या गळ्याखालची हाडं वर आली. मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. शाळेतल्या बायकांनी कौतुक करणं बंद केलं आणि मुख्याध्यापकांनी एकदा बोलावून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" आहारतज्ज्ञ मुलीनं व्हिडिओवर तिला पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. "मॅडम, तुम्ही अठ्ठ्याहत्तरच्या दिसत नाही. तुम्ही आधी रक्त तपासा. थायरॉईड, सगळं." अश्लेषानं तपासलं. सगळं जिथल्या तिथं होतं.

चालताना तिला धाप लागत होती. हाडकुळ्या पायांवर एवढं ओझं, असं वाटायचं. धरणाच्या चढावर ती थांबायची आणि मागं वळून न बघण्याचा प्रयत्न करायची. मागं बघून काही दिसणार नाही हे तिला माहीत होतं. न दिसण्याचीच भीती वाटायची.

एका रविवारी दुपारी जेवून ती पलंगाच्या कडेला, भिंतीकडं पाठ करून आडवी झाली. बाहेर पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. आई स्वयंपाकघरात ताटं लावत होती. डोळा लागणार एवढ्यात पाठीमागची गादी दबली.

हळूहळू दबली. लहान मूल आईशेजारी येऊन झोपतं तशी, सावकाश, तिला जाग येऊ नये अशा बेतानं. गादीला उतार झाला आणि अश्लेषाचं शरीर आपोआप त्या उताराकडं कलू लागलं. तिनं पलंगाची कड धरली. ऊब नव्हती, श्वास नव्हता, वास नव्हता. फक्त वजन होतं.

ती ओरडली नाही. शेजारच्या खोलीत श्रीयश झोपला होता, त्याला झोप क्वचित लागे. ती कड धरून तशीच पडून राहिली, आई चहाला उठवायला येईपर्यंत. आईनं दार उघडलं, पलंगाकडं पाहिलं आणि दारातच थांबली.

"अश्लेषा," ती अगदी हळू म्हणाली, "ऊठ बाळा. माझ्याकडं ये."

तिनं काय पाहिलं ते अश्लेषानं विचारलं नाही आणि आईनं सांगितलं नाही.

६

अश्लेषानं सांगितलं ते श्रीयशला. दुसरं होतंच कोण? तळेगावला तो मशीनला लावलेला, रक्त नळ्यांतून फिरत होतं, दोन पलंग सोडून एक म्हातारबाबा घोरत होते. अश्लेषा खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसली आणि काट्यापासून गादीपर्यंत सगळं बोलली. बोलताना तिचं तिलाच हसू येत होतं. "वेडी झालेय मी, दुसरं काही नाही. तुला किडनी द्यायचीय या टेन्शननं वेडी झालेय."

श्रीयश हसला नाही. "वाईट आहे का ते?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यावर राग असल्यासारखं, काही करेलसं वाटतं का?"

तिनं विचार केला. "नाही. ते नुसतं असतं. मी जे टाकते ते घेतं आणि माझ्याजवळ थांबतं."

"मी डोळे मिटून पडलेलो असतो ना इथं," श्रीयश म्हणाला, "तेव्हा तू त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतेस. एकदा कुरकुरते. मग थोड्या वेळानं परत कुरकुरते. मला वाटायचं तू हलतेयस." त्यानं तिचा हात हातात घेतला. त्याचा हात गार होता. "किती झालंय आता ते?"

"सकाळी सतरा पॉइंट चार."

"म्हणजे तू एकसष्टची आहेस, ताई." वजाबाकी त्यानं केली. "एकसष्ट पॉइंट दोन. तू कधीच पास झालीस. फक्त ते उतरलं पाहिजे."

त्यानं डोळे मिटले. ओंकारनं येऊन ब्लड प्रेशर पाहिलं. अश्लेषा खाली जाऊन चहा पिऊन आली. परतताना गाडीत श्रीपती म्हणाला, "आज नीट चालतीय बगा. कालच्याला आलाइनमेंट केली." पुढच्या सीटवर श्रीयश डोकं मागं टेकून गप्प बसला होता आणि गाडी डाव्या अंगाला किंचित ओढत होती, ते श्रीपतीच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्लेषा काट्यावर चढली. एकसष्ट पॉइंट दोन. उतरली. लगेच शून्य.

"किती गं ताई?" आतून आवाज आला.

तिनं सांगितलं तेव्हा तिला रडू फुटलं होतं. आई धावत आली, दोघी एकमेकींना धरून न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिल्या. त्या दिवशी आईनं शिरा केला आणि अश्लेषानं कित्येक महिन्यांनी साजूक तुपाचा घास तोंडात घातला. पुण्याला जाऊन तिनं डॉक्टरीणबाईंच्या समोर वजन करून दाखवलं. "हे तर हवं होतं त्यापेक्षाही कमी आहे," त्या चक्रावून म्हणाल्या. "आता जरा अंग धरा. पुढच्या महिन्यात करून टाकू."

ती लोणावळ्याला परतली तेव्हा जिना चढताना तिला आपली पावलं पिसासारखी वाटली. वर पोचून ती थांबली. मागं काही वाजलं नाही.

७

त्याच आठवड्यात ओंकारनं श्रीयशला तळेगावच्या काट्यावर उभं केलं आणि आकडा बघून शीळ घातली.

"दादा, किती पाणी प्यायलात?"

श्रीयश नेहमी चोपन्न-पंचावन्न भरायचा. भिंतीवर एकाहत्तर पॉइंट नऊ होतं.

डॉक्टर आले. दुसरा काटा आणला. पाय दाबून पाहिले, सूज नव्हती. छाती तपासली, पाणी नव्हतं. ब्लड प्रेशर उलट खालीच होतं. एवढं वजन अंगात असेल तर हा माणूस बोलत उभा राहूच शकत नाही, असं ते इंग्रजीत स्वतःशीच म्हणाले. जपून थोडं पाणी काढून बघू, असं ठरलं. मशीन लावलं. मशीननं दोन लिटर ओढल्याचं पडद्यावर दाखवलं. श्रीयशच्या पोटऱ्यांत गोळे आले, तो ओठ चावत राहिला. नंतर वजन केलं. एकाहत्तर पॉइंट नऊ.

अश्लेषा भिंतीला टेकून उभी होती. एकाहत्तर पॉइंट नऊ वजा चोपन्न पॉइंट पाच. सतरा पॉइंट चार. हे उत्तर तिच्या डोक्यात आपणहून आलं, थांबवता आलं नाही.

त्यानंतर तेच सुरू झालं. श्रीयशच्या गालांत खड्डे पडले, बरगड्या मोजता येऊ लागल्या, विजार कमरेवर राहीना. काटा जागचा हलला नाही. पुण्याहून फोन आला. या वाढलेल्या वजनाचा उलगडा झाल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, तारीख पुढं ढकलतोय, आधी त्यांना भरती करून सगळ्या तपासण्या करू. त्या झाल्या. काही सापडलं नाही. तारीख आणखी पुढं गेली.

एका दुपारी ती केंद्रातून औषध आणायला खाली गेली आणि परत आली. दाराला मधोमध काचेची पट्टी होती. आत जाण्याआधी तिनं सहज त्यातून पाहिलं.

श्रीयश पलंगावर उताणा होता. त्याच्या कुशीत, भिंतीकडच्या बाजूला, गादी खोल दबली होती आणि चादरीच्या चुण्या चहूबाजूंनी त्या खड्ड्याकडं ओढल्या गेल्या होत्या. सुया टोचलेला हात तसाच होता. दुसरा हात त्यानं त्या खड्ड्यावर ठेवला होता. चादरीवर नव्हे, चादरीपासून वीतभर वर, रिकाम्या हवेत. ताणून धरलेला नाही, विसावलेला. आणि तो हात एका लयीत खालीवर होत होता, हळूहळू, रडणाऱ्याला थोपटावं तसा. हाताखालची हवा त्याच्या बोटांना तोलून धरत होती.

औषधाची पिशवी तिच्या हातून सुटली. आवाजानं श्रीयशनं दाराकडं पाहिलं. त्यानं हात काढला नाही.

८

"तूच बोलावलंस," ती म्हणाली.

"तू चहाला गेलेलीस तेव्हा. मनातल्या मनातच म्हटलं, इकडं ये. आलं."

"श्रीयश, मी तुला वाचवायला..."

"मला ठाऊक आहे." त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की तिला वाकावं लागलं. "आरशात बघितलं होतंस का स्वतःला? तू माझ्याआधी गेली असतीस. आणि आईजवळ कोण राहिलं असतं? मी?"

"ते परत पाठव. मला चालेल."

"जात नाही गं," तो म्हणाला. "मी सांगून पाहिलं. त्याला हाकलता येत नाही, ताई. त्याला फक्त बोलावता येतं."

तेव्हापासून ती बोलावत राहिली. त्याच्या पलंगाशेजारी बसून, गाडीत, जिन्यावर, शाळेच्या फळ्यापुढं पोरांकडं पाठ करून. ये. माझ्याकडं ये. सकाळी काट्यावर चढायची ती आकडा वाढलाय का हे बघायला, आणि उतरल्यावर श्वास रोखून थांबायची. आकडा लगेच शून्य व्हायचा. घरी ती अधाशासारखी खायची. भात, तूप, गूळ, मगनलालांच्या दुकानांच्या रांगेतून आणलेली चिक्कीची पाकिटं. अंगी काही लागत नव्हतं. साठ. एकोणसाठ.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी श्रीयश गेला. झोपेतच. आईनं त्याला चहा घ्यायला हाक मारली आणि तो उठला नाही.

माणसं जमली. शाळेतले शिक्षक, शेजारी, श्रीपती. तिरडीवर ठेवलेला देह बारा वर्षांच्या पोराएवढा दिसत होता. चौघांनी हलकं समजून खांदा दिला आणि जिन्यातच त्यांचा तोल गेला. खाली रस्त्यावर आल्यावर आणखी दोघं पुढं झाले. श्रीपती घामानं निथळत होता. "अंगावर मास न्हाई," तो शेजारच्याला म्हणाला, "आन भार बग की. धा पावलांवर खांदा बदला."

विस्तवाचं मडकं घेऊन अश्लेषा पुढं चालत होती. आईला त्यांनी घरी नंदाबाईपाशी ठेवलं होतं. रेल्वेचा पूल ओलांडून तिरडी उताराला लागली, तेव्हा मागून एकदम गडबडीचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. सहाही जणांचे खांदे वर उसळले होते, पुढचे दोघं तोल जाऊन गुडघ्यावर येता येता सावरले होते. तिरडी त्यांच्या हातांवर वाळल्या काटकीसारखी हलत होती.

सहा जणांनी उचललेली तिरडी पुढं दोघांनीच नेली असती तरी चाललं असतं. श्रीपती तिच्याकडं बघत होता, आणि अश्लेषा मागच्या रस्त्याकडं, घराच्या दिशेनं.

९

ती परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. नंदाबाई जिन्यात खालीच उभी होती.

"ताई, आजीस्नी बगा. आंघोळीला उटवाय गेले तर उटंनात. दोनदा धरलं म्या."

इंदिराबाई बाहेरच्या खोलीत, खाली सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, हात मांडीवर. रडून रडून चेहरा कोरडा पडला होता. अश्लेषा त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"आई, ऊठ. आंघोळ करायची आहे."

"उठते गं. जरा बसू दे."

अश्लेषानं तिच्या काखांत हात घातले. पंचेचाळीस किलोंची बाई. आजारपणात तिनं आईला कितीदा एकटीनं उचलून पलंगावर घेतलं होतं. तिनं जोर लावला. आई तसूभरही हलली नाही. सतरंजी मात्र ताणली गेली, आईच्या शेजारून, जिथं कुणी बसलेलं नव्हतं तिथून.

"कधी?" अश्लेषानं विचारलं.

"तुम्ही त्याला घेऊन गेलात ना. मी इथं बसले होते." आई शांतपणे बोलत होती. "श्रीयशनं मला सगळं सांगितलं होतं, मागच्या आठवड्यात. त्याला वाटत होतं, तो गेला की ते परत तुझ्याकडं येईल. तू रोज हाका मारतेस ते आम्हाला ऐकू येत नव्हतं का? मग मी म्हटलं, मीच आधी बोलावते."

"आई, काय केलंस हे?"

"काय केलं? तुम्ही दोघांनी केलं तेच." आईनं तिच्या गालाला हात लावला. मनगटावरच्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या. "तू सुटलीस ना. जेव दोन घास. शाळेत जा."

"नंदाबाई!" अश्लेषानं हाक मारली. "वर या. त्या बाजूनं धरा."

नंदाबाई वर आली, दारापाशी थबकली, मग पदर खोचून पुढं झाली आणि पलीकडून धरायला वाकली. वाकता वाकता तिचा हात मध्येच कशाला तरी लागला. तिनं तो चटका बसावा तसा मागं घेतला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

"सोडा गं पोरींनो," आई म्हणाली. "मला काही त्रास नाही. नुसतं जड वाटतंय."

अश्लेषानं आईच्या पाठीमागं हात नेऊन बोटांत बोटं गुंफली. लुगड्यातून तिला आईची बरगडी न् बरगडी लागत होती. "माझ्याकडं ये," ती आईच्या खांद्यावरून, पलीकडच्या रिकाम्या सतरंजीला म्हणाली. "ऐकतंयस का? मी बोलावतेय. ये." खोलीत काहीच हललं नाही. तिनं पाय फरशीवर रोवले, डोळे मिटले आणि परत ओढलं.